टेबल कुठे ठेवायचं

लॅपटॉपचं चित्र थिजलं तेव्हा मनाली दारातून आत घुसत होती. खेळात तिचं कामच ते. पाच जणींच्या टीममधून सगळ्यांत आधी तिनं आत शिरायचं, समोरचे कुठे दबा धरून बसलेत ते अंगावर गोळ्या घेऊन का होईना उघडं पाडायचं, आणि मग मागून बाकीच्यांनी यायचं. त्या संध्याकाळी पाय आत पडला आणि पडदा अडकला. पंखा मिक्सरसारखा घरघरायला लागला, कीबोर्ड एवढा तापला की डाव्या हाताची बोटं उचलावी लागली. चित्र पुन्हा हललं तोवर ती मेली होती आणि तिच्या भरवशावर मागून आलेल्या दोघीही मेल्या होत्या.

"मनाली, परत?" हेडफोनमधून जिज्ञासाचा आवाज आला.

"अडकला गं. गरम झाला."

"दर वेळचं झालंय हे." जिज्ञासा टीमची कॅप्टन. राहायला बदलापूरच्या कात्रपला, बोलायला तिखट, पण पोटात एक आणि ओठांत एक असं तिचं नव्हतं. "मार्चमध्ये स्पर्धेचा क्वालिफायर आहे. तिथे पण हेच सांगणार का, गरम झाला म्हणून? एक तर ह्यालाच अपग्रेड कर, नाहीतर सरळ डेस्कटॉप बनव. काहीही कर, पण ठरव यार. दिवाळीपासून ऐकतेय मी, ठरवते, ठरवते."

मनालीनं हेडफोन काढून ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. परत येऊन बसली. परत उठली. हल्ली तिचं असंच व्हायचं. बदलापूरच्याच हेंद्रेपाड्यातल्या भगवंत भोईरांची ही थोरली मुलगी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका पॅकेजिंग कंपनीत डिस्पॅचला होती. दिवसभर गाड्या भरून पाठवायच्या, ड्रायव्हरांशी वाद घालायचा, कुठला माल आधी जाईल ते उभ्या उभ्या ठरवायचं. कंपनीत तिला निर्णय घ्यायला वेळ लागतो असं कोणी म्हटलं असतं तर सगळे हसले असते. आणि घरी येऊन एक मशीन ठरत नव्हतं.

पैशांचं अडलं नव्हतं. पगारातून तिनं बाजूला टाकले होते. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि ते तिनं जिज्ञासाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी ती स्कूटी काढून उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात गेली. गल्लीच्या तोंडाशी मोबाइलची कव्हरं, पुढे शिवणयंत्रांचे पार्ट, आणि मधेच कॉम्प्युटरची चार-पाच दुकानं. त्यांतल्या कोपऱ्यावरच्या दुकानाचे शेठ तिला ओळखत होते. कॉलेजात असताना हा लॅपटॉप तिनं त्यांच्याकडूनच घेतला होता.

शेठनी लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, जाळीत फुंकर मारली आणि धूळ उडाली तसं तोंड वाकडं केलं.

"देखो बेटा, सच बताता हूँ. साफ करेगा, पेस्ट बदलेगा, रॅम डालेगा. थोडा ठंडा चलेगा, थोडा फास्ट भी. लेकिन ग्राफिक्स इसमें बोर्ड पे चिपका हुआ है, वो बदलता नहीं. और तुम्हारा पूरा खेल उसी पे है."

"म्हणजे किती दिवस निघतील?"

"सालभर खींचोगी. फिर वापस मेरे पास." त्यांनी मागच्या फळीकडे हात केला. तिथे काळे, पांढरे, काचेच्या कुशीचे रिकामे कॅबिनेट रांगेनं उभे होते. "इसमें एक बार खर्चा. बाद में कार्ड बदलो, रॅम बढ़ाओ, कुछ भी. बस, एक जगह टिक के रहना पड़ता है. और बत्ती गई तो गया. बदलापुरात लाइट जाते ना?"

"जाते. शुक्रवारी तर हमखास."

"तो यूपीएस भी लेना."

मनालीनं एका कॅबिनेटला हात लावून पाहिला. चांगला वजनदार होता. "आणि दुसरीकडे न्यायचा म्हटला तर?"

"ले जाओ. काच आहे, सांभाळून न्यायचा. कहाँ ले जाना है?"

साधा प्रश्न होता. शेठनी सहज विचारला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. ती "येते परत" म्हणून दुकानाबाहेर पडली आणि स्कूटीची किल्ली हातात घेऊन उगाच गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली.

न्यायचा होता अंबरनाथला. साखरपुडा झाला होता, लग्न मेमध्ये होतं. धर्मेश चांगला मुलगा होता. रेती-सिमेंटचा धंदा, हसरा चेहरा, फोनवर भरभरून बोलायचा. तिलाही तो आवडला होता, आणि म्हणूनच ही गोष्ट तिला जास्त टोचत होती. बघायला आले तेव्हा छंदांचा विषय निघाला होता. ती म्हणाली होती, कॉम्प्युटरवर गेम खेळते. मंडळी हसली होती, त्याच्या आईनं, राजाबाईंनी, "आमचा लहाना पण मोबाइलवर खेळतो" असं म्हणून पोह्यांची प्लेट पुढे केली होती, आणि विषय तिथेच संपला होता. टीम आहे, रोज सराव असतो, तीन राज्यांतल्या मुली आहेत, परवाच्या स्पर्धेत आपण चौथ्या आलो, हे सांगायचं राहून गेलं. मग साखरपुडा झाला. मग कपड्यांची खरेदी सुरू झाली. दर वेळी वाटायचं, आता सांगावं, आणि दर वेळी दुसरंच काही बोलणं निघायचं.

लॅपटॉप असला की सांगायची गरजच नव्हती. बॅगेत घालून नेता येतो. डेस्कटॉपला टेबल लागतं, खुर्ची लागते, भिंत लागते. घरात पाऊल टाकणारा प्रत्येक माणूस विचारणार, हे काय आहे आणि कोणाचं आहे.

त्याच आठवड्यात धर्मेशचा फोन आला. अंबरनाथ गावातल्या घरावर त्यांनी वरचा मजला चढवला होता, त्यातली एक खोली या दोघांची. "उद्यापासून इलेक्ट्रिशियन वायरींसाठी भिंतीत झिरी मारायला घेतोय. एकदा प्लास्टर झालं की मग काही करता येणार नाही. तुला कुठे काय पॉइंट पायजे ते सांग. आई म्हणते, येऊनच जा एकदा, बघून."

"येते," मनाली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती परस्पर गेली. खोलीत सिमेंटचा ओला वास होता. भिंतींवर खडूनं चौकोन काढले होते आणि एक कारागीर छिन्नीनं खाच पाडत होता. राजाबाई पदर खोचून मध्यभागी उभ्या होत्या आणि सगळी खोली त्यांनी मनातल्या मनात लावूनही टाकली होती.

"हितं कपाट. पलंग ह्या अंगाला, म्हंजे वारा लागंल. ड्रेसिंग टेबल खिडकीजवळ. तुला आजून काय पायजे का, पोरी?"

मनालीनं खिडकीच्या उजवीकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच काढलेलं नव्हतं. बरोबर तिच्या टेबलाएवढी जागा होती. "नाही, छान आहे," ती म्हणाली.

राजाबाई चहा टाकायला खाली गेल्या. धर्मेशनं तिला गच्चीवर नेलं, टाकीची नवी बैठक दाखवली, मोबाइल काढून टाइल्सचे फोटो दाखवले. ती बघत होती आणि तिला एकही टाइल दिसत नव्हती.

"मला एक टेबल लागेल," ती मधेच म्हणाली.

"ड्रेसिंग टेबल आहे ना."

"ते नाही. कॉम्प्युटरचं."

"ऑफिसचं काम घरी करणार?"

"नाही. खेळायला." आणि मग तिनं सांगून टाकलं. टीमचं, सरावाचं, मार्चचं. बोलताना तिचा वेग वाढत गेला, डिस्पॅचवर गाडी उभी असावी तसा. "रोज संध्याकाळी दोन तास. मॅच असली की जास्त. आणि गप्प बसून होत नाही, मोठ्यानं बोलावं लागतं सगळ्यांशी."

धर्मेशनं मोबाइल खिशात घातला. तो रागावला नव्हता, पण चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. कठड्यावरचा वाळलेला सिमेंटचा गोळा त्यानं नखानं खरवडला.

"हे आधी नाय बोललीस तू."

"नाही बोलले. चुकलं."

"नाय, तसं नाय. खेळ ना. मी कुठे नको बोलतो?" खालून कपबशांचा आवाज आला. "फक्त लॅपटॉपच ठेव ना. बरं पडेल. दार लावून खेळलीस, झालं की बॅगेत टाकला. कोणाला कळणार पण नाय."

त्यानं ते तिच्या भल्यासाठीच म्हटलं होतं, हे तिला कळत होतं. तरी वाक्य कुठेतरी जाऊन रुतलं. ती "बघते" म्हणाली, खाली जाऊन चहा प्यायली, राजाबाईंच्या पाया पडली आणि निघाली.

पुढचे दिवस तिला कशातच रस वाटेना. कंपनीत तिनं पनवेलची गाडी भिवंडीला लावली आणि साहेबांचं ऐकून घेतलं. घरी आली की ओट्यावर येरझाऱ्या घालायची. एकदा भगवंत भोईर कोंबड्या झाकून येत होते, ते तिला बघून थांबले.

"कनाला फेऱ्या मारतेस गं? पोटात दुखतंय का?"

"नाही बाबा. लॅपटॉप दुरुस्त करू की नवीन मोठा कॉम्प्युटर घेऊ, ते कळत नाहीये."

"नवीन चांगला?"

"चांगला. पण तो मग इथून अंबरनाथला न्यावा लागेल."

"त्यात काय. टेम्पोन घालू." ते एवढंच बोलले आणि पाय धुवायला मोरीकडे गेले. त्यांना तो प्रश्न खरोखर टेम्पोचाच वाटला होता.

मनालीचा राग धर्मेशवर होता की स्वतःवर, हे तिचं तिलाच समजत नव्हतं. शेवटी तिनं स्वतःला समजावलं. तो म्हणतो त्यात चूक काय? नवं घर, नवी माणसं. वर्षभर लॅपटॉपवर काढू, मग बघू. शनिवारी ती लॅपटॉप घेऊन परत तीन नंबरला गेली. "अपग्रेडच करा," ती म्हणाली आणि शेठनी समोर बसवून लॅपटॉपची पाठ उघडली. आत धुळीचा थर पापुद्र्यासारखा बसला होता. त्यांनी ब्रशनं तो काढला, पेस्ट पुसली, नवी लावली. मग ड्रॉवरमधून रॅमची पट्टी काढून चिमटीत धरली.

"इसका भाव आजकल बहुत चढ़ा है. सील फोडला की वापस नहीं होगा. डाल दूँ?"

मनालीनं तोंड उघडलं, आणि एकदम तिला दिसलं की आपण दार लावून, आवाज दाबून, कुजबुजत "डावीकडे, डावीकडे" म्हणतोय. बाहेर कोणाचं पाऊल वाजलं की पडदा मिटतोय. आणि त्याच क्षणी पलीकडे चार जणी आपल्या आवाजाची वाट बघत उभ्या आहेत. सगळ्यांत आधी आत घुसणाऱ्या मुलीला कुजबुजून चालत नाही.

"थांबा," ती म्हणाली. "नका घालू."

"क्या हुआ?"

"डेस्कटॉप बनवायचाय. आजच बनवा."

शेठ पट्टी परत ड्रॉवरमध्ये टाकून हसले. "ये पहले बोलती, तो मैं धूल नहीं खाता."

दुपारभर ती तिथेच उभी होती. बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, कार्ड बसलं. काळा कॅबिनेट, काच नको म्हणाली, पत्र्याची कूस घेतली, सोबत मॉनिटर आणि यूपीएस. रिक्षात मांडीवर धरून आणलेला तो जड खोका भगवंतांनी दारातच तिच्या हातातून घेतला. आईनं मात्र कपाळाला हात लावला. "लग्नाच्या तोंडावर हे? त्यांना कळलं तर काय म्हणतील?"

"त्यांना मी सांगणार आहे, आई."

जोडाजोड करून बटण दाबलं तर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा काळाच राहिला. आई दारातून बघत होती. मनालीनं वायरी काढल्या, पुन्हा लावल्या, आणि तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की मॉनिटरची वायर कार्डात न लावता घाईघाईत बोर्डाच्या वरच्या भोकात लावली होती. ती नीट बसवली तसा पडदा उजळला. ती खुर्चीत मागे रेलली. कितीतरी दिवसांनी तिनं पूर्ण श्वास घेतला, पण तो फार टिकला नाही, कारण आता फोन करायचा होता.

"घेतला मी डेस्कटॉप," तिनं धर्मेशला सांगितलं.

"आपलं काय बोलणं झालं होतं?"

"तू बोललास. मी बघते म्हणाले. बघितलं."

"मनाली, आईला काय सांगू मी? रोज दोन तास सून गेम खेळते म्हणून?"

"तू रविवारी काय करतोस?"

"काय म्हणजे? टुर्नामेंट असते."

"सकाळी जातोस, अंधार पडल्यावर येतोस. बॅट पिशवीत लपवून नेतोस का? कोणाला कळू नये म्हणून?"

"ते क्रिकेट आहे. सगळा गाव खेळतो."

"आणि हे मी खेळते. गाव नाही खेळत, मी खेळते. एवढाच फरक आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात मला पॉइंट पाहिजे. तीन सॉकेटचा."

"प्लास्टर झालं काल."

"मग फोड."

धर्मेशनं फोन ठेवून दिला.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. सकाळी मेसेज यायचा तो बंद झाला. मनाली डिस्पॅचवर गाड्या भरत राहिली, संध्याकाळी सरावाला बसत राहिली. मशीन एकदाही अडकलं नाही. आत घुसल्याबरोबर समोरचा दिसायचा, हात त्याच क्षणी चालायचा. जिज्ञासा खूश होती. मनालीला मात्र रात्री झोप लागत नव्हती. आपण एका टेबलासाठी लग्न मोडून बसतोय का, असं तिला पहाटे पहाटे वाटायचं, आणि उजाडलं की वाटायचं, नाही, मोडायचं असलं तर ते टेबलानं नाही मोडणार. आई काही विचारत नव्हती, पण तिनं बस्त्याची तारीख पुढे ढकलली होती, ते मनालीच्या नजरेतून सुटलं नाही.

क्वालिफायर रविवारी होता. मनाली हेडफोन अडकवून बसली होती, पहिली मॅच सुरू व्हायला थोडा वेळ होता, तेव्हा बाहेर बाइक थांबली. दारात धर्मेश उभा. अंगावर गावच्या टीमची जर्सी, गुडघ्याला माती, चेहरा उन्हानं करपलेला.

"तुझी मॅच?" ती म्हणाली.

"सकाळीच हरलो. पहिल्याच राउंडला." तो पलंगाच्या कडेला टेकला. भगवंतांनी त्याला पाणी दिलं. तो घटाघट प्यायला आणि ग्लास हातात फिरवत म्हणाला, "भिंत फोडलीय काल. इलेक्ट्रिशियननी लय शिव्या घातल्या."

मनालीनं खुर्ची त्याच्याकडे वळवली. "आणि आई?"

"आई बोलत नाय माझ्याशी कालपासून. तू समजाव तिला, मला नाय जमत." मग ग्लास खाली ठेवून, "ती एवढंच बोलली, दार लावून नाय खेळायचं. उघडं ठेवायचं. ती काय करते ते मला दिसलं पायजे."

हे मनालीला आवडलं नव्हतं. "उघडं ठेवीन," ती म्हणाली. "पण मग ओरडणं पण ऐकू जाईल, ते सांगून ठेव."

"मनाली, कुठे आहेस?" हेडफोनमधून जिज्ञासा ओरडली. "सुरू होतंय."

ती वळली. पहिली मॅच त्यांनी अशी काही मारली की समोरच्या टीमला सावरायला वाव मिळाला नाही. मनाली मोठमोठ्यानं सांगत होती, उजवीकडे एक, पायऱ्यांवर एक, या, या आत. धर्मेश पलंगावरून हळूहळू पुढे सरकला आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. खेळ त्याला कळत नव्हता, पण कोण कोणाच्या जिवावर पुढे जातंय ते बहुतेक कळत असावं, कारण तो मधेच भगवंतांना काहीतरी समजावून सांगायला लागला.

दुसरी मॅच ताणली गेली. गुण बरोबरीत आले. शेवटच्या फेरीत समोरच्यांनी दारात धूर सोडला होता आणि जिज्ञासा म्हणत होती, थांब, मनाली, थांब, धूर जाऊ दे. मनालीला वाटलं, आत्ताच. ती घुसली. आत तिघे तिचीच वाट बघत होते.

पडद्यावर हरल्याची अक्षरं आली आणि त्यांचा क्वालिफायर तिथेच संपला. टीममधली एक जण म्हणाली, "चालतं गं," आणि एकेक करून सगळ्या बाहेर पडल्या. जिज्ञासा शेवटी राहिली. "मी थांब म्हणत होते."

"ऐकलं होतं मी. माझं चुकलं."

"उद्या सात वाजता सराव," जिज्ञासा म्हणाली आणि गेली.

मनालीनं हेडफोन मानेवर उतरवला. कार्डाचे पंखे मंद फिरत होते, हात लावला तर कॅबिनेट गारच होता. मशीननं कसूर केली नव्हती. गरम झालं, अडकलं, असं आता कोणाला सांगता येणार नव्हतं. तिला वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं स्वच्छ होतं, गेल्या काही महिन्यांच्या कालवाकालवीसारखं नव्हतं.

"घाई केलीस शेवटी," मागून धर्मेश म्हणाला.

ती गर्रकन वळली. त्याला खेळातलं ओ का ठो माहीत नव्हतं, आणि तरी तो बरोबर बोलला होता, याचाच तिला जास्त राग आला. "आणि तू सकाळी कसा आउट झालास?"

धर्मेश डोकं खाजवून हसला. "पुढे जाऊन मारायला गेलो."

आईनं आतून विचारलं, जेवून जाणार का. तो हो म्हणाला आणि हातपाय धुवायला मोरीकडे गेला. मनालीनं खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि शेवटच्या फेरीचं रेकॉर्डिंग लावलं. एकदा पाहिलं. मग मागे नेऊन, जिज्ञासा थांब म्हणते तिथपासून, पुन्हा पाहायला लागली.